सात आणि बारा

रात्री जेवणं झाली की मी मोबाइलवर जुनी टूर द फ्रान्स सायकल शर्यत लावतो. २००१ सालचा आल्प दुएझचा घाट, एकवीस वळणं. पायथ्याशी आर्मस्ट्राँग मागे वळून प्रतिस्पर्धी यान उलरिखकडे बघतो आणि सुटतो. तेव्हा अंगावर काटा यायचा. आता नजर दंडाकडे जाते, सुई कुठं टोचली असेल म्हणून. ज्याच्याकडे वळून बघितलं, तोही पुढे औषधातलाच निघाला!

१९९९ ते २००५, आर्मस्ट्राँगची सात विजेतेपदं. २०१२ मध्ये सगळी रद्द. सात आणि बारा. शिरूर-दौंडच्या माणसाला वेगळं सांगायला नको, सातबाऱ्यावरून नाव कमी झालं. दुसऱ्या कुणाचं चढवलंही नाही, रकाना कोराच. आमच्याकडे असा कोरा रकाना दिसला असता तर सकाळपर्यंत पाच वारस उभे राहिले असते.

सोबत बघायला बसलेले शेजारचे नाना जुने बैलगाडामालक. म्हणाले, "आमच्या बैलालासुद्धा शर्यतीआधी डॉक्टरचा दाखला लागतो. याला कुणी तपासलं न्हाई व्हय?"

"तपासलं की, कितीतरी वेळा."

"आन मग?"

"पास."

नाना बराच वेळ गप्प. घाट मात्र आम्ही पुन्हा पहिल्यापासून लावला.