शेकडा पाच टक्के तीळ

नकलेचा पद्धतशीर अभ्यास करावयाचा असेल तर मुंबई-पुण्यापेक्षा अमळनेर अधिक सोयीचे ठरावे, हे विधान अमळनेरकरांना प्रथमदर्शनी अवमानकारक वाटण्याचा संभव आहे. परंतु त्यामागील आधार भक्कम आहेत. संत सखाराम महाराजांच्या वाडी संस्थानामुळे आणि वैशाखात भरणाऱ्या यात्रेमुळे या गावाला प्रतिपंढरपूर म्हणतात आणि त्या दिवसांत बोरी नदीचे पात्र चंद्रभागेची जबाबदारी विनातक्रार पार पाडते. दोरीवर भासणारा साप कितपत खरा, यासारख्या प्रश्नांचा शांतपणे विचार करता यावा म्हणून प्रताप शेठ यांच्या औदार्यातून १९१६ साली येथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. १९४५ च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या आणि आज विप्रो या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने तुपासारखे दिसणारे, परंतु तूप नसलेले वनस्पती तूप याच गावात तयार करण्यास आरंभ केला. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ९७ वे अधिवेशन येथे भरले, तेव्हा विद्रोही साहित्य संमेलनही त्याच सुमारास याच गावी भरल्याने, खरे संमेलन कोणते हे एकाच रिक्षाभाड्यात तपासून पाहण्याची सोय रसिकांना लाभली.

अशा गावी ऑर्केस्ट्राची आवड केवळ करमणुकीपोटी निर्माण झाली असेल, असे मानणे म्हणजे भूगोलावर अन्याय करणे होय. पाश्चात्त्य देशांत ज्याला ट्रिब्यूट बँड म्हणतात, म्हणजे एखाद्या गाजलेल्या वाद्यवृंदाची गाणी, पोशाख, केसांची ठेवण आणि जमल्यास त्याच्या लकबीही जशाच्या तशा सादर करणारा दुसरा वाद्यवृंद, त्याचे महाराष्ट्रातील जवळचे नातेवाईक म्हणजे हिंदी चित्रपटगीतांचा ऑर्केस्ट्रा आणि अलीकडचा कराओके समूह होत. बीटल्सनी ऑगस्ट १९६६ नंतर दौरे बंद केले; त्यांची हुबेहूब नक्कल करणारा बूटलेग बीटल्स हा संच १९८० साली सुरू झाला आणि मुळापेक्षा कितीतरी अधिक वर्षे रंगमंचावर टिकून राहिला. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मर यांनी तर १९९६ साली स्वतःच्या पन्नासाव्या वाढदिवसाला स्वतःचीच नक्कल करणारा ऑस्ट्रेलियन पिंक फ्लॉइड हा संच बोलावला. वाढदिवशी यजमानाने गाण्याचे श्रम घेऊ नयेत, हा संकेत लक्षात घेता त्यात काही गैर नाही.

आपल्याकडे मात्र नक्कल वृंदाची होत नाही, कंठाची होते. चित्रपटगीतांत व्हायोलिन, ॲकॉर्डियन किंवा ढोलक कोणी वाजवले हे रेकॉर्डच्या वेष्टनावर बहुधा छापले जात नसे, त्यामुळे नक्कल करण्याजोगे नाव एका गायकाचेच उरत असे. म्हणून फलकावर ‘व्हॉईस ऑफ किशोर’ किंवा ‘व्हॉईस ऑफ मुकेश’ ही अक्षरे हातभर मोठी असतात आणि ज्याच्या गळ्यातून तो व्हॉईस बाहेर पडणार असतो त्याचे पाळण्यातील नाव प्रायोजक भांडारांच्या खाली, दूरध्वनी क्रमांकाच्या शेजारी सापडते. या पंथाचे पंचांगही ठरलेले आहे. ३१ जुलैला रफींची पुण्यतिथी, ४ ऑगस्टला किशोरकुमार यांची जयंती, २७ ऑगस्टला मुकेश यांची पुण्यतिथी, २८ सप्टेंबरला लताबाईंची जयंती आणि १३ ऑक्टोबरला पुन्हा किशोरकुमार, या वेळी पुण्यतिथी, असा हा चातुर्मास पावसाळ्यात सुरू होतो आणि मध्येच येणाऱ्या गणपतीच्या दहा दिवसांत सर्व दैवतांची एकत्रित उपासना केली जाते.

येथे वनस्पती तुपाकडे पुन्हा वळणे आवश्यक आहे, कारण या संपूर्ण विषयाची किल्ली त्या डब्यात आहे. वनस्पती तूप म्हणजे भुईमुगाच्या तेलासारख्या तेलात निकेल या धातूच्या सान्निध्यात हायड्रोजन वायू सोडून, ते थिजेल आणि दिसायला रवाळ होईल अशा अवस्थेला आणलेला पदार्थ होय. तो तुपाची इतकी चोख नक्कल करी की व्यापारी तो तुपात मिसळू लागले आणि सरकारला चिंता पडली. त्यावर योजलेला उपाय असा की वनस्पती तुपात शेकडा पाच टक्के तिळाचे तेल घालणे कारखानदारांवर बंधनकारक करण्यात आले. तिळाच्या तेलावर विशिष्ट रसायनांची क्रिया झाली की लाल रंग उमटतो, त्यामुळे संशयित तूप परीक्षानळीत घालताच त्याचे बिंग फुटे. नकलेवर बंदी न घालता, नकलेने आपल्या पोटात स्वतःचीच साक्ष बाळगावी, असे सांगणारा हा नियम भारतीय सौंदर्यशास्त्रातील एक दुर्लक्षित सिद्धान्त मानला पाहिजे.

ऑर्केस्ट्राचा गायक हा सिद्धान्त कोणत्याही निरीक्षकाच्या धाकाविना पाळतो. तो पंचाण्णव टक्के किशोरकुमार असतो. उरलेल्या पाच टक्क्यांत त्याची सर्दी, त्याची अहिराणी वळणाची हिंदी, नगरपालिकेतील नोकरी आणि वरच्या पट्टीत गेल्यावर किंचित बारीक होणारा आवाज असतो. श्रोता पंचाण्णव टक्क्यांसाठी तिकीट काढतो हे खरे. पण ज्या क्षणी त्याची मान शेजाऱ्याकडे वळते आणि ‘इथे जरा हलला’ असे तो म्हणतो, त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरतो तो प्रत्यक्ष किशोरकुमार ऐकताना पसरणे शक्यच नव्हते. मूळ गायकापुढे श्रोता केवळ भक्त असतो. नकलेपुढे तो परीक्षक होतो. आयुष्यात ज्याला कोणी कधी परीक्षक म्हणून बोलावले नाही, अशा गृहस्थाला तिसऱ्या रांगेतील प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या बसल्या हा अधिकार मिळतो, हे या कलेच्या लोकप्रियतेचे पहिले कारण होय.

दुसऱ्या कारणासाठी तत्त्वज्ञान मंदिराचा आधार घ्यावा लागतो. १९३० च्या दशकात या संस्थेचे संचालक राहिलेले कृष्णचंद्र भट्टाचार्य यांनी रससंकल्पनेवरील आपल्या निबंधात भावनेच्या तीन पायऱ्या मांडल्या आहेत. मूल खेळणे पाहून हरखते ही पहिली. त्या मुलाकडे पाहणारे आजोबा त्याच्या आनंदाने आनंदित होतात ही दुसरी. आणि त्या आजोबांकडे पाहून तिऱ्हाइताला जो निवांत, कशातही न अडकलेला आनंद होतो, ती तिसरी, आणि रस त्या पातळीवर आहे. भट्टाचार्यांनी हा विचार ऑर्केस्ट्रा डोळ्यांपुढे ठेवून मांडला नव्हता, हे मान्य करूनही, सत्तरीच्या पुढील श्रोत्यांच्या रांगेला तो तंतोतंत लागू पडतो. ते गाणे ऐकत नसतात, किशोरकुमार यांनाही ऐकत नसतात; १९७० च्या सुमारास ट्रान्झिस्टरला कान लावून बसलेला, अंगावर बेलबॉटम असलेला आणि डोक्यावर केस असलेला जो तरुण त्यांना अजून दिसतो, त्याला झालेला आनंद ते दुरून न्याहाळत असतात. अशा स्थितीत गायक बरा की वाईट हा प्रश्न गौण ठरतो, आणि आयोजकांचा अनुभवही यापेक्षा वेगळा नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रावरील जुन्या भाष्यकारांपैकी श्रीशंकुक याने नकलेला खरे मानावे की खोटे, या अडचणीवर चित्रतुरगन्याय सांगितला होता. चित्रातला घोडा पाहताना हा घोडाच आहे असे ज्ञान होत नाही, हा घोडा नव्हे असेही होत नाही, घोडा आहे की नाही असा संशय येत नाही आणि हा घोड्यासारखा आहे अशी तुलनाही मनात येत नाही. या चारही ज्ञानांहून वेगळी अशी प्रतीती होते आणि नटाकडे पाहतानाही तसेच घडते. पुढे अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी भावनेची नक्कल होऊच शकत नाही असा आक्षेप घेतला. भट्टतौत थोर होते, परंतु त्यांनी पायजम्यावर जाकीट आणि गळ्यात मफलर अशा वेषातील ‘व्हॉईस ऑफ किशोर’ विरहगीत गाताना पाहिला नव्हता. भावना गायकाला होवो वा न होवो, पुढच्या रांगेत रुमाल निघतात.

मुळाबद्दल आग्रह धरणाऱ्यांची खरी पंचाईत मात्र निराळीच आहे. ज्या किशोरकुमारांची नक्कल होते ते १९२९ साली खंडव्यात, म्हणजे भुसावळहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच्या गावी जन्मले. त्यामुळे खान्देशाला ते शेजारचेच वाटतात. १९४८ च्या ‘जिद्दी’ या चित्रपटात ते पार्श्वगायक म्हणून प्रथम उभे राहिले तेव्हा गात होते सैगल यांच्या थाटात. त्याआधी १९४५ च्या ‘पहली नजर’ मध्ये मुकेश यांनीही सैगलच गायले होते. म्हणजे आज ज्यांची नावे हातभर अक्षरांत छापली जातात ते दोघेही एके काळी ‘व्हॉईस ऑफ सैगल’ होते. पुढे १९८० साली रफी गेल्यावर त्यांच्या वळणाने गाणारे शब्बीरकुमार १९८३ च्या ‘कुली’ मध्ये नायकाचा आवाज झाले, किशोरकुमार यांच्या वळणाने सुरुवात केलेले कुमार सानू पुढील दशकाचे अधिपती झाले आणि ‘रफी की यादें’ या कॅसेटमालेतून घरोघरी पोचलेले सोनू निगम स्वतःच नकलेस पात्र ठरले. आता ‘व्हॉईस ऑफ सानू’ असा फलक लागला की त्यावर उभा असलेला तरुण नक्कल करणाऱ्याची नक्कल करणाऱ्याची नक्कल करीत असतो. वेदान्ती अशा न संपणाऱ्या साखळीला अनवस्था म्हणतात आणि तो दोष मानतात. ऑर्केस्ट्रावाले त्याला पुढच्या हंगामाची तरतूद म्हणतील.

ऐकणाऱ्याचे सुख असे उलगडले तरी गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचे सुख शिल्लक राहते आणि ते अधिक गहन आहे. स्वतःची चाल बांधणाऱ्या संगीतकाराला आपण चुकलो की नाही हे कळण्याचा मार्ग नसतो, कारण चाल त्याचीच असते. उलट राहुल देव बर्मन यांच्या गाण्यातील दोन कडव्यांमधला तुकडा, ज्याला वादक ‘पीस’ म्हणतात, तो कीबोर्डवर हुबेहूब काढणाऱ्या वादकाला आपण उत्तीर्ण झालो हे त्याच क्षणी समजते, कारण सभागृहातील प्रत्येकाला तो पीस पाठ असतो. महिना-महिना बसून बसवलेल्या त्या काही सेकंदांवर टाळी पडली की वादक जे स्मित करतो ते निर्मितीच्या गर्वाचे नसते, गणित सुटल्याचे असते, आणि ज्या वादकाचे नाव मूळ रेकॉर्डवर कधी आले नाही त्या अज्ञाताला मिळालेली ती बहुधा पहिली दाद असते. या कलाप्रकारात ‘ट्रिब्यूट’ म्हणजे मानवंदना म्हणण्याजोगे काही असेल तर ते एवढेच आहे, आणि फलकावर त्याचा उल्लेख नसतो.

कराओके समूहांत हा वादकही उरलेला नाही. तेथे ट्रॅक म्हणजे गायकाचा आवाज वगळलेले तयार ध्वनिमुद्रण लावले जाते आणि निवृत्त बँक अधिकारी, मुख्याध्यापक, दातांचे डॉक्टर आणि त्यांच्या सौभाग्यवती आळीपाळीने त्यावर गातात. ट्रॅक दोन पट्ट्या खाली उतरवता येतो ही विज्ञानाची देणगी खरी. पण सम चुकलेल्या गायकाला तबलजी जसे मुकाट्याने सांभाळून घेतो तसे ट्रॅक घेत नाही, तो आपल्या गतीने पुढे निघून जातो, आणि मोबाइलच्या पडद्यावरील शब्दांवर डोळे रोवलेला गायक अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीपासून त्याच्यामागे धावत सुटतो. श्रोत्यांत पुढच्या गाण्याची वाट पाहणारे गायकच बसलेले असल्याने टाळ्या मात्र कधीच कमी पडत नाहीत. हा परस्पर सहकाराचा कारभार महाराष्ट्रातील अनेक पतपेढ्यांपेक्षा अधिक सचोटीने चालतो.

राहिला खान्देशातील लग्नाचा बँड. चाकाच्या गाड्यावर कर्णे, कीबोर्ड आणि जनित्र लादून वरातीपुढे चालणारा हा वाद्यवृंद नकलेच्या बाबतीत सर्वांत निर्भय आहे. यूट्यूबवर गाजलेले अहिराणी गाणे त्याच लग्नसराईत त्याच्या कर्ण्यांतून बाहेर पडते. विशेष म्हणजे कायदाही त्याच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात वाजवलेल्या संगीताला हक्कभंगातून वगळले असून, धार्मिक समारंभात लग्नाची वरात आणि लग्नासंबंधीचे इतर सामाजिक सोहळेही समाविष्ट आहेत, असा स्पष्ट खुलासा तेथेच केलेला आहे. परिणामी वरातीत वाजलेले गाणे हे धर्मकृत्य ठरते आणि तेच गाणे, त्याच वादकांनी, तिकीट लावलेल्या सभागृहात वाजवले की परवाना काढावा लागतो. ही विसंगती दूर होईपर्यंत आयोजकांपुढे एक सरळ उपाय शिल्लक आहे, तो असा की लग्नाच्या तिथ्या पाहूनच ‘किशोर नाइट’ ठरवावी, फेटा बांधलेला एक नवरदेव प्रायोजकांच्या रांगेत मानाने बसवावा आणि निरीक्षक आलाच तर वरात जरा वेळ थांबली आहे, असे निवेदकाने सांगावे. घोडा चित्रातला असला तरी श्रीशंकुकाची हरकत नसावी.