जावई, धोंडा आणि रात्री दीडचा एसी

आमच्या आणि काकूंच्या वावरांमधली कुंपणाची तार एके जागी इतकी वाकली आहे, की तिथे आता खिडकीच झाली आहे. विरजण, कढीपत्ता, कुणाच्या सुनेचं काय चाललंय, सगळं त्या खिडकीतून ये-जा करतं. अकोल्याहून पातूरकडे जाणारा रस्ता सोडून बरंच आत आलं की आमची ही दोन घरं. विजेचा शेवटचा खांब दीड किलोमीटर मागे राहतो. तिथून तार ओढायचा खर्च ऐकून दोन्ही घरांनी एकाच वर्षी सोलर बसवलं. बाहेरची वीज नाहीच. सूर्य देईल ते खायचं, नाही दिलं तर कंदील.

काल सकाळी सातलाच काकू तारेपाशी हजर. हातात डबा.

"घे बाप्पा, अनारसे. तेहतीस केले होते. जावयानं चार खाल्ले."

"गेले का जावई?"

"गेले परवा. पण खुशीत गेले. पहिल्या रातीचं सांगतलं नाही का मी तुले?"

सांगितलं होतं, अर्धं. पण मी नाही म्हटलं. पूर्ण ऐकायचं असेल तर नाहीच म्हणावं लागतं.

यंदा अधिक ज्येष्ठ आहे, 17 मे ते 15 जून. धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं असतं आणि तो महिना नेमका आला ऐन उन्हाळ्यात, आमच्याकडे पारा 45ला टेकतो तेव्हा. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. जावई पुण्याचे. तिथे फ्लॅटमध्ये एसी. काकूंच्या मनानं घेतलं, की जावयाला कूलरपुढे झोपवायचं नाही.

"म्या यायले म्हटलं, एसी घ्या. हे म्हणे, सोलरवर एसी म्हंजे बैलाले शेळीचं दूध पाजणं. पुरते का थे?"

तरी एसी आला. पहिला आला तो त्यांच्या मुलाचा जुना, दीड टनाचा. हा 'दीड टन' आकडा ऐकून काकूंनी आधी भिंतीची काळजी केली होती. एवढं वजन खिळ्यांवर कसं राहील? मग काका गच्चीवरून ओरडले (ते सकाळी गच्चीवर पॅनल धूत असतात, त्यामुळे आमच्या गप्पांत त्यांचा आवाज नेहमी आकाशातून येतो), "अवं, वजन नाही थे! एक टन बरफ चोवीस घंट्यात वितळताना जेवढी गरमी पिते, तेवढी गरमी एक टनाचा एसी घराबाहेर फेकते."

पूर्वी इमारती गार करायला बर्फाच्या लाद्याच लागत, त्यांचं माप एसीच्या नावाला चिकटलं ते चिकटलंच. एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट गरमी बाहेर काढायची. ती काढायला वीज लागते त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी. एसी गारवा तयार करत नाही, घरातली गरमी उचलून बाहेर नेऊन टाकतो, म्हणून एवढ्यावर भागतं. हमाल आहे तो.

तर तो जुना एसी भिंतीवर चढला, काकूंनी नारळ फोडला, काकांनी बटण दाबलं. दोन मिनिटांनी बाहेरच्या युनिटमधून 'घुम्म' असा आवाज आला आणि घरातलं सगळं बंद. फ्रिज, पंखा, काकूंची मालिका. इन्व्हर्टरवर लाल अक्षरांत 'ओव्हरलोड'. पुन्हा चालू, पुन्हा घुम्म, पुन्हा अंधार. असं पाच वेळा झालं.

"आमच्या यायचा स्वभावच असा," काकू म्हणाल्या. "पाचव्यांदा बी वाटे, आता होईन."

दोष एसीचाही नव्हता आणि काकांचाही. जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर चालू होताना क्षणभरच, पण नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढतो. बाहेरच्या लाइनीवर तो धक्का जाणवत नाही, दिवा जरासा लवतो इतकंच. घरच्या 5 केव्हीएच्या इन्व्हर्टरला तो झेपत नाही. बैलगाडी चिखलातून काढताना पहिला हिसका जड असतो, तसंच.

मग सोलरवाल्या पोरानं सांगितलं, इन्व्हर्टर एसी घ्या, एक टनाचा, पाच स्टारचा. काकू भडकल्या. "घरात इन्व्हर्टर हाये न एक! मंग एसीच्या पोटात दुसरा कायले?" ही चूक फक्त काकूंची नाही. आमच्या गावात निम्म्या लोकांना वाटतं, इन्व्हर्टर एसी म्हणजे घरच्या इन्व्हर्टरवर चालणारा एसी. नाव तेच, काम वेगळं. घरचा इन्व्हर्टर बॅटरीतल्या विजेची घरात वापरायची वीज करतो. एसीतला कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करतो. तो हळू सुरू होतो, हिसका देत नाही. खोली गार झाली की बंद-चालू, बंद-चालू न करता मंद चालत राहतो. सुरुवातीला हजार वॅट, नंतर तीनशे-चारशेवर येतो. सोलरवर एसी चालवायचा तर हाच घ्यावा. जुना फुकट मिळाला तरी नको.

नवा एसी दुपारी असा चालला की काकूंनी गावातल्या चार बायका बोलावून सांडगे-पापडांचं काम एसीत केलं. (पापड वाळत घालायला मात्र बाहेरच जावं लागलं.) पॅनल आठ, 540 वॅटचे. म्हणजे सव्वाचार किलोवॅटच्या वर. आमच्या भागात एक किलोवॅट पॅनल दिवसाला चारेक युनिट देतं, तेव्हा सतरा युनिटच्या आसपास. दुपारी बाराला एसी, फ्रिज आणि पंप सगळं लावलं तरी उरतं.

"पण एक गंमत सांगतो," काका वरून म्हणाले, "या मे महिन्यात पॅनल नाराज रायते."

हे मलाही आधी पटलं नव्हतं. वाटतं, जितकं कडक ऊन तितकी जास्त वीज. पण पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. त्याची ताकद मोजतात ती पॅनल 25 अंशांवर असताना. त्यावर दर अंशामागे टक्क्याचा तिसरा हिस्सा, थोडा जास्तच, कमी होतो. मे महिन्यात आमच्या गच्चीवर काच हाताला चटका देते, 65 अंशांवर सहज जाते. म्हणजे तिथेच चौदाएक टक्के गेले. वर धूळ. काका म्हणतात, डिसेंबरातल्या स्वच्छ दुपारी जो आकडा दिसतो तो मे महिन्यात कधीच दिसला नाही. धुवायचं तेही पहाटे, काच गार असताना. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलं तर ती तडकण्याची भीती. बोअरचं पाणी टाकलं तर क्षाराचे पांढरे डाग, ते धुळीपेक्षा वाईट. आणि वानरं! गेल्या पंधरवड्यात एक अख्खं कुटुंब पॅनलवर बसून आमच्या चिंचा खात होतं.

असो. जावई आले. पुरण झालं, धोंडे झाले, चांदीचं ताट झालं. रात्री दहाला जावई झोपायला गेले आणि रिमोट घेऊन एसी थेट 18वर नेला.

"पोरगी म्हणे, आई, त्याइले तशीच सवय हाये. म्या काय बोलू? जावई थे."

एसी लावला की आकडा आपोआप 24वर येतो. 2020 पासून स्टारवाल्या एसींना तसा नियमच आहे. पण रिमोट हातात असला की नियम कोण पाळतो? त्यातून त्या खोलीवर उघडा स्लॅब. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत आत शेकत असतो. वरून शेगडी, खालून एसी. बिचारा एसी पूर्ण ताकदीनं तासाला एक युनिट खात राहिला.

आता बॅटऱ्या. काकांकडे 150 एएचच्या चार, साध्या, पाणी घालायच्या. एकेकीत 1.8 युनिट मावतात, चारींत 7.2. पण शिशाची बॅटरी तळापर्यंत रिकामी करत गेलं की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं, म्हणून निम्मीच वापरायची. राहिले 3.6 युनिट. तासाला एक युनिटप्रमाणे साडेतीन तास. दहा अधिक साडेतीन.

"बरोब्बर दीड वाजता," काकू म्हणाल्या, "टीं टीं टीं वाजलं अन् सगळं गप. पंखा बी गेला न वं! म्या उठून पाह्यते तं जावई बनियनवर, दारात उभे, हातात रिमोट. अंधारात बटणं दाबून राह्यले."

"मग?"

"मंग काय. यायनं आंगनात बाज टाकली, म्या ओली चादर देल्ली. जावई आभायाखाली झोपले. सकाळी उठून म्हणे, सासूबाई, इतके तारे पुण्यात नाही दिसत."

चांगला माणूस आहे हो. त्यानंच दुसऱ्या दिवशी काकूंना सांगितलं, की एसी मुळात माणसांसाठी निघालाच नव्हता. 1902 मध्ये अमेरिकेत ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा, रंग एकमेकांवर बसायचे नाहीत, म्हणून कॅरियर नावाच्या इंजिनिअरनं तो बसवला. काकूंनी हे ऐकून काकांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पाह्यलं? कागदाले भेटला, मले नाही भेटला."

मग दुसऱ्या दिवशी सासरा-जावई दोघे गच्चीवर. चुन्याच्या दोन पिशव्या, थोडा फेव्हिकॉल, नारळाच्या काथ्याचे कुंचे. उन्हं चढायच्या आत अख्खा स्लॅब पांढराशुभ्र केला, दोन हात. धोंड्याच्या महिन्यात जावयाला चुना लावायला लावणारं हे पहिलंच सासर असेल. पांढरा स्लॅब ऊन परत फेकतो, संध्याकाळी तळपाय ठेवता येतो. मी स्वतः ठेवून पाहिला. आमच्या स्लॅबवर त्याच वेळी ठेवला असता तर सालटं निघालं असतं.

आणि दुसरी युक्ती सोलरवाल्या पोराची. दुपारी दोनपासूनच खोली बंद करायची, पडदे ओढायचे आणि वर ऊन आहे तोवर एसी लावून ठेवायचा. त्या वेळची वीज तशीही वाया जाते, कारण बॅटऱ्या भरलेल्या असतात आणि उरलेली वीज विकत घ्यायला आपल्याकडे कुणी नाही. भिंती, गादी, कपाट, सगळं सहापर्यंत गार करून ठेवायचं. बॅटरीत गारवा मावत नाही, भिंतीत मावतो. रात्री मग आकडा 27 आणि वर पंखा मंद. त्या रात्री एसीनं तासाला अर्ध्या युनिटच्या आत भागवलं. पाच वाजता टीं टीं झालं, तोवर बाहेरचा वाराही बरा झाला होता. जावयांना जागसुद्धा आली नाही.

मी आता मुद्द्यावर आले. "काका, मग मी एसी घेऊ का? सोलर वाढवायला सरकार 78 हजार देतंय म्हणे."

वरून पाण्याचा पाइप बंद झाला. "नाही देत. सूर्यघर योजनेचे पैसे ज्याचं सोलर लाइनीले जोडलं हाये त्याले. तुमच्या-माह्यासारख्याले, ज्याच्या घरी तारच नाही, त्याले काही नाही."

हे मला मनापासून टोचलं. ज्याच्या दारात खांब आहे त्याला मदत, ज्याच्या दारात नाही त्यानं सगळं आपल्या खिशातून. असू दे.

"आठ घंटे पक्का एसी पाहिजे तं लिथियम घ्या," काका म्हणाले. "एका डब्यात पाच युनिट, अन् त्यातले चार-सव्वाचार वापरता येते. पाणी टाका लागत नाही. पण भाव इचारू नका, बाई तुमचं बीपी वाढन."

"अन् मी सांगते ते ऐक," काकू तारेवर कोपर टेकून, आवाज बारीक करत म्हणाल्या, जणू काका दहा फुटांवर नाहीतच. "जावई गेल्यापासून आमी दोघं कूलरपुढेच झोपतो. दीडशे वॅट खाते थो. मे महिन्याची कोरडी हवा, वाळ्याच्या ताट्या, एसीच्या तोंडात मारते. एसी लागते खरा जुलै-सप्टेंबरात, चिकचिक असते तवा, कूलर काही कामाचा नसते. अन् तवाच ढग! पॅनल म्हणते, माह्याकडे काही नाही."

म्हणजे जेव्हा वीज आहे तेव्हा एसीची फारशी गरज नाही, आणि जेव्हा गरज आहे तेव्हा वीज नाही. मी काकूंकडे बघतच राहिले.

"मग घेतला कशाला, काकू?"

"जावयासाठी," त्या शांतपणे म्हणाल्या. "अन् पापडाच्या दिवशी."

मी तूर्तास एसी घेत नाही. या रविवारी आमच्या स्लॅबला चुना लावायचा आहे. काकांकडे चुना उरला आहे, कुंचे तेच देणार आहेत. त्यानंतरही झोप लागली नाही, तर अख्खी खोली नाही, फक्त एक पलंग गार करायचा हिशेब मांडून बघीन.

जाता जाता काकूंनी विचारलं, पुढला धोंडा कधी? मी पंचांग आधीच बघून ठेवलं होतं. 2029 मध्ये, अधिक चैत्र.

वरून काका म्हणाले, "बरं झालं. बॅटऱ्या बी तवाच बदलाव्या लागतीन."