आण्णांचं प्रतिष्ठान

सर दोराबजी टाटांनी १९३२ साली आपली जवळजवळ सगळी मालमत्ता ट्रस्टच्या हवाली केली. त्यात पत्नी मेहेरबाईंचा ज्युबिली हिराही होता, २४५ कॅरेटचा, म्हणजे आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. मेहेरबाई आदल्याच वर्षी रक्ताच्या कर्करोगानं गेल्या होत्या.

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या आमच्या आण्णांकडे हिरा नव्हता, एफडी होती. काकू गेल्या तेव्हा निवृत्त शिक्षकाला शोभेल अशा बेतानं ते म्हणाले, "तिच्या नावानं दहा लाख बाजूला काढू. व्याजातून बार्शीला शिकायला जाणाऱ्या आपल्या तालुक्यातल्या मुलींचं खोलीभाडं द्यायचं." (कॉलेज वाशीतही आहे, पण त्यालाही नाव बार्शीच्याच कर्मवीर मामासाहेब जगदाळ्यांचं. बार्शीची ओढ जुनी आहे.) आण्णांच्या वहीत प्रतिष्ठानाचा उद्देश एका ओळीत मावला होता. टाईप होऊन आलेल्या ट्रस्ट डीडमध्ये तो दोन पानं चालला. गोशाळा, वृद्धाश्रम, क्रीडासंकुल, आपत्तिग्रस्तांना मदत आणि शेवटी 'खाडीकिनाऱ्याची स्वच्छता'! उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात खाडी कुठून आली? मसुदा नवी मुंबईच्या वाशीचा होता. टाईप करणारा पोरगा शांतपणे म्हणाला, "राहू द्या सर, पुढंमागं कामाला येतं."

आण्णांनी खाडी खोडली. शिक्षकी हात, लाल शाईनंच खोडली.

मग कायदा सुरू झाला. पैसा खासगी, पण एकदा धर्मादाय कामाला वाहिला की संस्था सार्वजनिक होते, हे आण्णांना धाराशिवला जाऊन आल्यावर कळलं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, शेड्यूल वनला मालमत्तेची नोंद. उद्या ट्रस्टची जमीन विकायची तर आयुक्तांची परवानगी. एखादा विश्वस्त देवाघरी गेला तर नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट. दुःख कितीही असो, मुदत चालू. प्राप्तिकराचं खातं वेगळंच. तिथं करमाफी आणि देणगीदाराची सवलत यांसाठी आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी, मग पक्की, आणि तीही मुदतीचीच. देणगी दोन हजारांच्या वर रोख दिली तर देणाऱ्याला सवलत नाही. गावाकडं देणगी खिशातून निघते, चेकबुकातून नाही, हे दिल्लीला कोण सांगणार?

आण्णांना खरा धक्का बसला तो सीए साहेबांच्या एका वाक्यानं. करमाफी हवी तर ट्रस्टच्या उत्पन्नातला किमान पंच्याऐंशी टक्के भाग कामावर खर्च झाला पाहिजे. व्याज सात टक्के धरलं तर वर्षाला सत्तर हजार. त्यातले साडेएकोणसाठ हजार खर्चायलाच हवेत. ज्या माणसानं हयातभर पगारातला प्रत्येक उरलेला रुपया पोस्टात टाकला, त्याला सरकार सांगतंय की उरवू नका! आण्णा दोन दिवस अस्वस्थ होते. "पण पुढं गरज पडली तर?" सीए साहेबांनी साठवणुकीचाही एक फॉर्म असतो असं सांगितलं, तेव्हा कुठं चेहऱ्यावर रंग आला.

विश्वस्त मंडळ मात्र चहा उकळायच्या आत तयार झालं. पुतणे, भाचे, एक साडू. सगळे "आपली संस्था, आपली संस्था" म्हणत लेटरहेडवर आपलं नाव कितव्या ओळीत येतं ते बघायला लागले. मला तेव्हाच वाटलं, हा 'आपली' शब्द महागात पडणार. देणं आण्णांना अवघड गेलं नव्हतं, दहा लाखांवर त्यांनी एका बैठकीत सही केली. दिलेल्यावरचा हात काढणं, तेही सगळ्या घराण्यानं, ही खरी परीक्षा. दोराबजी त्यातून सुटले, कारण ट्रस्ट केल्यावर काही महिन्यांतच ते जर्मनीत वारले. त्यांच्या ट्रस्टनं १९३६ साली मुंबईत समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था काढली, तीच पुढं टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे टिस झाली, आणि १९८६ साली टिस आपल्या जिल्ह्यात, तुळजापूरला आली. आता तिथल्या पोरांनी मराठवाड्यातल्या दुष्काळावर प्रबंध लिहावेत असं काही हिरा देताना दोराबजींच्या मनात असेल, असं मला वाटत नाही. विचारायला ते नव्हते, म्हणून काम झालं.

आण्णा आहेत, आणि पुतणेही आहेत. पहिल्या बैठकीत थोरल्या पुतण्यानं आपल्या मुलीचा अर्ज पुढं सरकवला. मुलगी हुशार, प्रवेश बार्शीलाच. आण्णांनी चष्मा पुसला आणि सीएनं खूण करून दिलेला कागद वाचून दाखवला. ट्रस्ट काढणाऱ्याच्या आणि विश्वस्तांच्या नातेवाइकांना लाभ दिला तर करमाफी धोक्यात, आणि नातेवाइकांत भावाची नातही येते.

"म्हणजे आपल्याच संस्थेत आपल्यालाच काही नाही?"

"नाही."

"आणि खातेवह्या आम्ही लिहायच्या? धाराशिवच्या चकराही आम्हीच?"

"हो. मानधनही नाही."

पुतण्यानं अर्जाची घडी घातली. "आण्णा, मग काकूच्या नावानं गावजेवण तरी घालायचं होतं. आम्ही जेवलो तरी असतो."

आण्णांनी ते इतिवृत्तात लिहून घेतलं आणि त्याची सही घेतली.