सीमा ओलांडलेली मोटार

पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्याची जुनी मोटार महाराष्ट्रातल्या बांद्यात शिरते ती सहज. अडते ती कागदांत. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं ४७वं कलम म्हणतं, की बारा महिन्यांहून जास्त काळ परराज्यात राहिलेल्या गाडीने तिथला नंबर घ्यावा. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी हवी आणि तिच्या २८ नंबरच्या फॉर्मवर चासिस नंबरचा पेन्सिलने घासून काढलेला ठसा. 'वाहन' नावाच्या देशव्यापी संगणकप्रणालीत तो नंबर असतोच, पण सरकारचा भरवसा शिसपेन्सिलीवर.

मग पुन्हा रोड टॅक्स. रस्ते राज्याचे, कर राज्याचा, घटनेनेच तो अधिकार दिलाय, असं यावर सांगतात. मान्य. गाडी सावंतवाडीचे खड्डे मोजणार, तर पैसे महाराष्ट्राने घ्यावेत. मात्र गोव्यात एकरकमी भरलेल्या कराचा उरलेला वाटा आपणहून इकडे येत नाही. नव्या नोंदणीचे कागद घेऊन मालकानेच परताव्यासाठी अर्ज करायचा. वसुलीला तत्परता, परताव्याला अर्ज! चोरीच्या गाड्या रोखायला हे सारं हवंच, हा दुसरा युक्तिवाद. पण चोर काही २८ नंबरचा फॉर्म भरून सीमा ओलांडत नाही. २०२१मध्ये आलेल्या गाड्यांच्या नंबरांच्या बीएच (भारत) मालिकेत मात्र राज्य बदललं तरी नवा नंबर घ्यावा लागत नाही आणि कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो. ही सोय सरकारी नोकरांना आणि चार वा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना. म्हणजे त्रास खरा आहे, हे सरकारला पक्कं ठाऊक आहे. बाकीच्यांना तो सोसतो, एवढीच त्याची समजूत.