हजेरीमीमांसा

बुजऱ्या पोरांच्या अबोलपणावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण त्यांना रोज एकदा हमखास तोंड उघडावं लागतं त्या प्रसंगाचा, म्हणजे हजेरीचा, शास्त्रोक्त विचार झालेला नाही. ही उणीव यवतमाळ जिल्ह्यापुरती तरी भरून काढावी, एवढाच प्रस्तुत प्रबंधाचा हेतू.

आधी कालनिर्णय. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. इतर पोट्टे याला सुटी म्हणतात. बुजरं पोरगं धास्तीची मुदतवाढ समजतं. पुण्यातलं पोरगं पहिल्या हजेरीतून मोकळं झालेलं असतं, तेव्हा दारव्ह्याचं अजून न्हाणीघरात तालीम करत असतं.

पूर्वपक्ष म्हणतो, हेच पोरगं परिपाठात तर बोलतं! बोलत नाही. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली तेलुगूत लिहिलेली प्रतिज्ञा आपल्याकडे घोळक्यानं म्हणतात, आणि घोळक्यात नुसते ओठ हलवले तरी भागतं. हजेरीला ही सोय नाही.

आता मुख्य प्रमेय. समजा, पोराचा नंबर सत्तावीस. एकोणिसाव्या नंबराला तो आवंढा गिळतो, बाविसाव्याला घसा मनातल्या मनात खाकरतो, पंचविसाव्याला श्वास भरून ठेवतो. हे गणित बिनचूक असतं. फक्त सव्वीस नंबर शाळेत आलेला असला पाहिजे. तो आला नसला की सर एका दमात पुढं सरकतात आणि भरलेला श्वास घशातच अडकतो. दिवाळीनंतर कापूस वेचणीला लागला की पटावर अशी भगदाडं रोज पडतात. त्या दिवसांत बाजारात कापसाला भाव असो-नसो, वर्गात या पोराचा जीव टांगणीला असतोच.

मग तो हात वर करतो. सरांची नजर पटावर; हात दिसत नाही. गैरहजेरी पडते. ‘सर, मी आलो ना’ म्हणावं, तर ते ‘हजर’पेक्षा लांब. शेजारचा ओरडतो, ‘सर, हा आला आहे!’ आणि सर म्हणतात, ‘काऊन रे, तोंडात बोरं हायेत का?’ वर्ग हसतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली आहे. बोरांचा उल्लेख त्यात नाही.

शेजारचा त्या दिवशी नसेल, तर खरा शास्त्रार्थ दुपारी उभा राहतो. पोषण आहाराचे तांदूळ हजर पोरांच्या संख्येवरून मोजतात, पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम. पटावर नसलेलं पोरगं पंगतीत बसतं, तेव्हा ते नेमके कुणाचे १०० ग्रॅम खातं? यावर मतभेद आहेत. खिचडी वाढणाऱ्या मावशी मात्र पट बघत नाहीत. त्या डाव पुढं करून विचारतात, ‘अजून देऊ का रे?’

म्हणजे पुन्हा बोलणं आलं.