अपयश पचवण्याची घरगुती कृती

साहित्य : दहावीतलं एक मूल, दोन पालक, एक आत्या (फोनवर असली तरी चालेल) आणि अर्धा किलो पेढे. पेढे आदल्या संध्याकाळीच आणून फ्रीजमध्ये ठेवावेत. निकालाच्या दिवशी मिठाईवाल्याकडे रांग असते, आणि रांगेत ओळखीचं कुणी भेटलं की 'किती पडले?' या प्रश्नातून सुटका नसते.

मुलांना अपयश पचवायला शिकवलं पाहिजे, यावर हल्ली कुणाचंच दुमत नाही. शाळेच्या पालकसभेत समुपदेशक बाई त्यावर तासभर बोलल्या, तेव्हा आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. अपयश शेजारच्याच्या मुलाला येणार, एवढं मात्र प्रत्येकाने गृहीत धरलं होतं.

हे शिक्षण लहानपणापासून द्यावं म्हणतात. ते जमत नाही, कारण लहानपणी मुलाच्या वाट्याला अपयश येतच नाही, ते आपण वरच्यावर झेलतो. विज्ञान प्रदर्शनातला पुठ्ठ्याचा ज्वालामुखी त्याच्या आईने रात्री साडेबारापर्यंत रंगवलेला असतो. बक्षीस हुकलं की डोळ्यांत पाणी तिच्याच येतं. मुलगा शांतपणे वडापाव खात असतो. त्याचा त्या ज्वालामुखीशी काही संबंध नसतो. म्हणून थेट दहावीपासूनच सुरुवात करावी.

दुपारी एक वाजता निकाल लागतो. एक वाजून एक मिनिटाने संकेतस्थळ बंद पडतं. ते पुन्हा उघडलं की बैठक क्रमांक आणि आईचं नाव टाकायचं असतं. बापाचं नाव विचारत नाहीत, ही मंडळाची दूरदृष्टी. आमच्याकडे आकडे दिसले एक वाजून चाळीस मिनिटांनी. मराठी ७१, इतिहास-भूगोल ६८ आणि गणित २९.

या क्षणी शब्द जपून वापरावेत. 'नापास' म्हणू नये. 'गणित राहिलं' म्हणावं, म्हणजे ते बसमध्ये विसरलेल्या छत्रीसारखं परत मिळेलसं वाटतं. मंडळ तर आपल्या पुढे आहे. काही वर्षांपूर्वी गुणपत्रिकेवरचा 'अनुत्तीर्ण' हा शेरा काढून तिथे 'कौशल्य विकासास पात्र' असं लिहायला सुरुवात झाली. मला हा शेरा फार आवडतो. आमच्या कचेरीत तो निम्म्या लोकांना लागू आहे, साहेबांसकट.

यानंतर थोरामोठ्यांचे दाखले द्यावेत. मी आइन्स्टाइनपासून सुरुवात केली. "आइन्स्टाइनसुद्धा गणितात नापास झाला होता!"

चिरंजीवांनी मोबाइलवरून मान वर न करता सांगितलं, "नव्हता झाला. १८९५ साली झुरिकच्या प्रवेश परीक्षेत नापास झाला, पण गणितात आणि फिजिक्समध्ये त्याला चांगले मार्क होते. बाकीचे विषय राहिले. मग वर्षभर आराऊच्या शाळेत गेला आणि पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला."

तेव्हा दाखला देण्याआधी तो तपासून घ्यावा. आणि एवढं वाचणारा मुलगा बीजगणितात कसा उडाला, हे मोठ्याने विचारू नये. मी विचारलं.

मग मी कलामसाहेबांकडे वळलो. हा दाखला मात्र पक्का आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ हे रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळलं. प्रकल्पाचे प्रमुख कलाम, पण पत्रकारांना सामोरे गेले इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन. १८ जुलै १९८० रोजी तेच रॉकेट यशस्वी झालं, तेव्हा धवनांनी पत्रकारांसमोर कलामांना पाठवलं. हे सांगता सांगता माझाच आवाज उतरत गेला. आमच्या घरी पद्धत बरोबर उलटी आहे. चित्रकलेची इंटरमिजिएट पास झाला तेव्हा 'आमच्या घराण्यात कला आहेच' असं मी कॉलनीभर सांगितलं होतं, आणि गणित राहिल्यावर पाच मिनिटांत ते त्याच्या मामांवर गेलं होतं. हे आमच्या सौ.च्याही लक्षात आलं असावं. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी जरा जोरात वाजू लागली.

एवढ्यात आत्याचा फोन आला. आत्याचा फोन स्पीकरवर कधीही घेऊ नये. या मार्गदर्शनातली ही सर्वांत महत्त्वाची सूचना आहे, आणि ती मला स्वतःला उशिरा कळली.

"काय रे, गणित राहिलं म्हणे त्याचं? जाऊ दे. तुझं नव्हतं का इंग्रजी राहिलं? ऑक्टोबरला बसला होतास. अण्णांनी तीन दिवस तोंड नव्हतं बघितलं तुझं."

घरात शांतता पसरली. भांडीही थांबली. माझी गुणपत्रिका माळ्यावरच्या ट्रंकेत, लग्नाच्या अल्बमखाली आहे. ती तिथे का आहे, हे सोळा वर्षं कुणी विचारलं नव्हतं.

"बाबा, तू?" मोबाइल पहिल्यांदाच खाली ठेवला गेला. "मग ऑक्टोबरपर्यंत काय केलंस?"

पुढचा पाऊण तास कुठल्याच पुस्तकात नाही. काकांच्या किराणा दुकानात मी पुड्या बांधत होतो. पहिल्या आठवड्यात साखरेच्या अर्ध्या पुड्या सुटायच्या, गिऱ्हाइकं दारातून परत यायची. काका ओरडायचे नाहीत. सांडलेली साखर गोळा करायला लावायचे आणि नवा कागद द्यायचे. इंग्रजीच्या धड्यांची पानं मी त्याच गल्ल्यावर बसून पाठ केली, आणि ऑक्टोबरमध्ये मला ३८ मिळाले. मी वर्तमानपत्राचा कागद घेऊन पुडी बांधून दाखवली. दोरा धरायचं वळण हाताला अजून आठवत होतं. त्याला ती जमेना. चौथ्यांदा रवा फरशीवर सांडला, तेव्हा आम्ही दोघंही हसत होतो.

रात्री अकराला फ्रीज उघडल्याचा आवाज आला. सकाळी पाहिलं तर डब्यात तीनच पेढे उरले होते. अपयश पचलं की नाही ते सांगता येत नाही, पेढे मात्र पचले.

आता कामाचं. २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा साधारण जुलैच्या सुमारास होते, आमच्यासारखं ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागत नाही. एकदोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीत प्रवेशही मिळतो. फेरपरीक्षेचे अर्ज शाळेमार्फत भरायचे असतात आणि मुदत थोडी असते. तेव्हा व्याख्यान अर्धवट सोडून आधी शाळेत जा. आणि पेढे उरले असतील तर संपवून टाका. खव्याचे आहेत, टिकायचे नाहीत.