तक्रारीला वाव नाही

धाटावला राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर जे जे असतं, त्याचं रूप ठरवणारा कोणीतरी दुसराच असतो. कुंडलिका नदीचंच घ्या. पावसाळा सोडला तर तिच्यात पाणी किती असावं हे वर भिऱ्याच्या वीजघराकडे ठरतं. तिथली जनित्रं फिरली की पाणी सुटतं, मग कोलाडला मुंबई-पुण्याची मंडळी लाइफजॅकेट चढवून राफ्टिंगला उतरतात. मध्य रेल्वे संपून कोकण रेल्वे रोह्यालाच सुरू व्हावी, हे आम्हाला विचारून ठरलेलं नाही. मुंबई-गोवा महामार्ग चौपदरी कधी होणार हे 2011 पासून ठरतंच आहे. घरात शिरावं तर आतल्या भिंतींचा रंग सौ. ठरवते आणि बाहेरच्या भिंतींचा सोसायटी. त्यातल्या त्यात सोसायटीकडे निदान अर्ज करता येतो.

या व्यवस्थेबद्दल माझी तक्रार नाही. म्हणजे तक्रारी पुष्कळ आहेत, पण त्या असण्याबद्दल तक्रार नाही. दुसऱ्याने ठरवलेल्या जगात राहण्याचा मोठा फायदा हा, की त्याला मोकळेपणाने नावं ठेवता येतात. आमच्याकडे माणसं एकमेकांना भेटतात ती मुख्यतः याच कामासाठी. ‘हायवे काय म्हणतोय?’ एवढं विचारलं की अनोळखी माणूससुद्धा अर्धा तास सोबत करतो.

अशा सुरळीत चाललेल्या आयुष्यात भाच्याने लिनक्स आणलं.

आमच्या घरचा संगणक वयोवृद्ध. त्याला जुनी प्रणाली कोणी देईना आणि नवी झेपेना. भाचा इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत आला, पेनड्राइव्ह लावला आणि पोह्यांची बशी रिकामी व्हायच्या आत लिनक्स मिंट चालू करून दिलं.

“मामा, आता सगळं तुमच्या मनासारखं करता येईल.”

“सगळं म्हणजे?”

“मागचं चित्र, खिडक्यांच्या चौकटी, आयकॉन, माउसचा बाण, अक्षरं. ही खालची पट्टी वर न्या, डावीकडे न्या, उजवीकडे न्या.”

“आणि नकोच असेल तर?”

“काढून टाका.”

मग त्याने विचारलं, “बोला, तुम्हाला कसं आवडेल?” हा प्रश्न मला या घरात बऱ्याच वर्षांत कोणी विचारलेला नव्हता. उत्तर तयार नव्हतं.

त्यात माझी नोकरी इथल्याच एका कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये. तिथे आठ तास पडद्यासमोर बसायचं, पण त्या पडद्याला सजावट चालत नाही. पार्श्वभूमी करडी. टाक्या, पाइप, पंप त्याहून किंचित गडद करडे. रंग राखून ठेवलेला असतो तो फक्त बिघाडासाठी. तापमान चढलं, टाकीची पातळी हद्द ओलांडू लागली की तेवढाच ठिपका पिवळा किंवा लाल होतो आणि डोळा नेमका तिथे जातो. पडदा शहाण्या माणसांनी विचार करून बेरंग ठेवलेला आहे. पण त्याचा परिणाम असा, की माझ्या लेखी रंग दिसणं म्हणजे काहीतरी बिनसणं. मुलीने हौसेने घरच्या संगणकावरचे सगळे फोल्डर लाल केले, तेव्हा मी खुर्चीतून अर्धा उठून कोणता पंप ट्रिप झाला ते शोधू लागलो होतो.

मागे चित्र कोणतं लावायचं, हा पहिला प्रश्न. आमच्या पिढीला एकच चित्र ठाऊक: हिरवी टेकडी, वर निळं आकाश. 2001 साली विंडोज एक्सपीबरोबर ते जगभर पसरलं आणि सायबर कॅफेपासून पतपेढीपर्यंत सगळीकडे तीच टेकडी दिसू लागली. चार्ल्स ओरिअर या छायाचित्रकाराने 1996 च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात रस्त्याकडेला गाडी थांबवून तो फोटो काढला. एरवी त्या टेकडीवर द्राक्षमळा असायचा. वेलींना कीड लागली म्हणून त्या उपटून टाकलेल्या, त्यावर पाऊस पडून गवत माजलेलं. म्हणजे जगाने ज्याला स्वर्ग समजून रोज पाहिलं, ते एका बागायतदाराचं पीकनुकसान होतं. आमच्या तलाठ्याने बघितलं असतं तर आधी पंचनामा केला असता. आणि आम्ही भर जुलैत, कुंडलिकेपलीकडच्या अवचितगडाच्या डोंगराकडे पाठ करून, ते परदेशी गवत बघत बसायचो.

म्हणून मी अवचितगड लावायचं ठरवलं. मग कळलं की ठरवण्याचा अधिकार मिळाला तो मला नव्हे, घराला.

सौ. म्हणाली, “अहो, डोंगर काय लावताय? धावीर महाराजांची पालखी लावा.” धावीर महाराज हे रोह्याचं ग्रामदैवत. दसऱ्यानंतर त्यांची पालखी निघते तेव्हा पोलीस सशस्त्र सलामी देतात, त्यामुळे मी काही सलामीच्या बाहेर नाही. पालखी लावली. लगेच हरकत आली, कारण पडद्यावरची कचरापेटी नेमकी पालखीच्या छत्रावर बसली होती. ती उजवीकडे सरकवली तर भालदाराच्या डोक्यावर, खाली सरकवली तर पालखीच्या वाटेत. शेवटी ती सेटिंगमधून लपवली. तेव्हापासून आमच्या घरात कोणी काही पुसून टाकलं की ते कुठे गेलं हे महाराजांनाच माहीत.

मुलीचं म्हणणं, पडदा काळा हवा. काळ्यावर गडद राखाडी, त्यावर फिकट राखाडी. तिच्या पिढीला उजेडाचं इतकं वावडं का आहे, कळत नाही. तिने तो प्रकार चालू केला तेव्हा आप्पा, म्हणजे माझे वडील, बाहेरच्या खोलीतून येऊन म्हणाले, “लाइट गेली का?” भाच्याने लटपटणाऱ्या खिडक्या बसवल्या. 2006 च्या सुमारास कॉम्पिझ नावाच्या प्रकाराने लिनक्सवाल्यांना वेड लावलं होतं, तेव्हापासूनची ही हौस. खिडकी ओढली की ती थरथरत मागून येते. आप्पांनी तेही पाहिलं आणि हिला ताप आलाय का, असं विचारलं.

चार माणसं, चार मतं. संगणकावर चार वर्कस्पेस होते, पण या डेस्कटॉपवर चारही ठिकाणी मागचं चित्र एकच. मग भाच्याने तोडगा काढला: चौघांची चित्रं एका फोल्डरमध्ये टाकायची, ती पंधरा-पंधरा मिनिटांनी आळीपाळीने येतील. महाराष्ट्रात राहत असल्यामुळे हा फॉर्म्युला कोणाला समजावून सांगावा लागला नाही. भांडणंही त्याच वळणाने झाली. “माझ्या पंधरा मिनिटांत लाइट गेली, ती भरून द्या,” अशी मागणी पहिल्याच दिवशी आली.

एवढी उलथापालथ करूनही संगणक आतून होता तसाच राहतो, हे मला भाच्याने पेणच्या गणपतीवरून पटवलं. मूर्ती साच्यातून निघते तेव्हा सगळ्या सारख्या असतात. पुढे पीतांबर पिवळा की जांभळा, आणि डोळ्यांची आखणी कोणाच्या हातची, यावर कोणाचा गणपती कसा ते ठरतं. तसं लिनक्सचं इंजिन खाली गुपचूप चालत असतं आणि थीम हे वरचं रंगकाम. मात्र रंगारी ओळखीचा असावा. मार्च 2024 मध्ये केडीई या डेस्कटॉपवर कोणा तिऱ्हाइताने बनवलेली थीम एका वापरकर्त्याने चढवली, तर तिच्यातल्या एका चुकीच्या आज्ञेने त्याच्या सगळ्या फायली पुसून टाकल्या. रंग देता देता मूर्तीच नाहीशी.

आता खरी अडचण सांगतो. चित्र नको तर बदला, अक्षर बारीक तर मोठं करा, पट्टी आवडत नाही तर काढा. प्रत्येक कुरबुरीवर भाच्याचं उत्तर एकच: “मामा, नाही पटत तर बदला ना!” तक्रारदाराला इतकी निष्ठुर वागणूक मी कुठे पाहिली नव्हती. तक्रार केली की समोरच्याने ‘बघतो’ म्हणावं, ‘वर कळवलंय’ म्हणावं, निदान ‘फंड आला की करू’ म्हणावं, अशी आपली रीत. इथे थेट हातात पाना देतात.

भाच्याकडून याचा इतिहास ऐकला तेव्हा उलगडा झाला. हे सगळं राज्यच तक्रारखोरांनी उभं केलेलं आहे. लिनस टॉरवल्ड्सने 1991 साली लिनक्सचं इंजिन दिलं, पण वर रूप असं नव्हतंच. 1996 साली मथायस एट्रिच या जर्मन विद्यार्थ्याने तक्रार केली की लिनक्सवरचा प्रत्येक प्रोग्राम वेगळाच दिसतो आणि वेगळाच वागतो. त्यातून केडीई जन्मला. केडीईची पायाभूत सामग्री पुरेशी मुक्त नाही, अशी तक्रार 1997 साली मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी केली. त्यातून ग्नोम आला. 2010 साली उबुंटू या लिनक्सच्याच दुसऱ्या एका अवताराने खिडकी बंद करायचं बटण उजवीकडून डावीकडे नेलं, तर जगभर बोंब उठली. उबुंटूचे प्रमुख मार्क शटलवर्थ यांना सांगावं लागलं की हे असं मतदानाने ठरत नसतं. 2011 साली ग्नोमने अख्खं रूपच पालटलं, तेव्हा खुद्द टॉरवल्ड्स वैतागून एक्सएफसीई या साध्या डेस्कटॉपकडे निघून गेले. काहींनी जुनं ग्नोम मेट या नावाने जपलं. मिंटवाल्यांनी नवं ग्नोम पटेना म्हणून सिनॅमन बनवलं, तेच आमच्या घरी आहे. उलट बाजूही गप्प नाही. 2019 साली ग्नोमवर प्रोग्राम लिहिणाऱ्या काहींनी खुलं पत्र काढून विनंती केली की आमच्या प्रोग्रामना परस्पर तुमचे रंग फासू नका.

ही माणसं स्वभावाने आमच्यापैकीच आहेत. ती भांडतात, रुसतात, गट पाडतात. फरक एवढाच की त्यांची तक्रार चहाबरोबर संपत नाही. रात्री घरी जाऊन ती कामाला लागते. आमच्या तक्रारीला ही वाईट सवय कधी लागली नाही.

आप्पांच्या बाबतीत तर हद्द झाली. आप्पा निवृत्त मराठी शिक्षक. छापील ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसले की त्यांचा रक्तदाब वाढतो. पाकळीचा ल आणि शेंडीफोड्या श हवा, यासाठी त्यांनी वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली आहेत, निमंत्रणपत्रिका छापखान्यात परत पाठवल्या आहेत. संगणकाच्या पडद्यावर परका ल दिसताच त्यांनी भाच्याला समोर बसवून घेतलं. तासभराची तयारी होती. भाच्याने मान डोलावली, लोहित मराठी हा फुकट मिळणारा फाँट निवडला आणि पडदाभर पाकळ्या उमलल्या. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेला मुक्त हा फाँटही दाखवला, आवडेल तो घ्या म्हणाला. आयुष्यभराचं दुखणं दोन क्लिकमध्ये गेलं. आप्पांचा चेहरा पडला. सासरी गेलेल्या मुलीची आठवण यावी तसे ते दोन दिवस गप्प होते.

माझी अवस्था वेगळी नव्हती. कारखान्याबाहेरच्या टपरीवर सहकाऱ्यांनी विचारलं, “काय, कसं आहे ते लिनक्स?” मी म्हणालो, “चांगलं आहे.” त्यावर कोणी काय बोलणार? क्षणभर सगळे माझ्याकडे बघत राहिले आणि मग विषय रस्त्यावरच्या खड्ड्यांकडे वळला. चांगल्या गोष्टीला आमच्याकडे श्रोता नाही.

पण आप्पा हार मानणारे नव्हेत. त्यांनी मेनू एकेक करून उघडले आणि त्यांना खजिना सापडला. काही ओळी मराठीत, काही इंग्रजीत, काही ठिकाणी ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही. “हे कोणी केलं? त्याला बोलवा,” ते म्हणाले. भाचा म्हणाला, “आजोबा, हे स्वयंसेवक करतात. मिंटचं भाषांतर लाँचपॅड नावाच्या वेबसाइटवर होतं. खातं उघडलं की कोणीही दुरुस्ती सुचवू शकतो. तुम्हीसुद्धा.”

हेच ते वाक्य, ज्याने माझा आवाज बंद केला होता. आप्पांवर त्याचा उलटा परिणाम झाला. त्यांनी चष्मा पुसला, खातं उघडायला लावलं आणि खुर्ची पुढे ओढली. आता सकाळी पूजा झाली की ते संगणकापुढे बसतात ते जेवायलाच उठतात, दुपारी वामकुक्षीऐवजी अनुस्वार दुरुस्त करतात, आणि कुठल्या कुठे राहणाऱ्या अनोळखी माणसांना शुद्धलेखनाचे नियम सुनावतात. समोर धावीर महाराज येतात, अवचितगड येतो, काळोख येतो, पण ते मागे काय चाललंय ते बघतही नाहीत. चित्राची पाळी कोणाची, यावर भांडणारे आम्ही तिघं दारात उभे.

परवा टपरीवर मी सहज बोलून गेलो, “आमच्याकडे आता संगणकाला हात लावायलाच मिळत नाही हो. आप्पा उठतच नाहीत.” चौघांनी एकदम माझ्याकडे मान वळवली. एक जण म्हणाला, आमच्याकडे रिमोटचं तेच. दुसऱ्याने बाकावर सरकून मला जागा दिली, तिसऱ्याने आणखी चार कटिंग सांगितले. मग मी त्यांना लिनक्सबद्दल अगदी सविस्तर सांगितलं.